गाडी थांबेल काय?

मोटार-सायकल विकत घेतांना मनुष्य पुष्कळ प्रश्न विचारतो. ती एका लिटरांत किती किलोमीटर जाते, किती वेगानें पळते, दोघांस घेऊन चढ चढतांना धापा टाकते कीं काय, हें सर्व तो खोदून खोदून विचारतो. परंतु "ही थांबते कशी?" असें विचारणारें गिऱ्हाईक आमच्या पाहण्यांत तरी आलेलें नाहीं.

१९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडील गांवांच्या परिसरांत आपली नवी मुंबई आंखून वसविण्यांत आली. रस्ते रुंद झाले, घरें व कचेऱ्या एकमेकांपासून दूर पडल्या, आणि जिला आपली वडीलमंडळी 'फटफटी' म्हणत ती येथें घरोघरची वस्तु झाली. सकाळीं शाळेच्या फाटकाशीं उभें राहून पाहावें. पुढें वडील, मागें मूल आणि मुलाच्या पाठीवर दप्तर, अशा दुचाक्यांची रीघ लागलेली दिसेल. या वाहनावर आमचा राग नाहीं. गेलीं बावीस वर्षें आम्ही स्वतः फटफटीवरूनच कामास जात आलों आहों. म्हणूनच अनुभवाचे चार शब्द सांगावेसे वाटतात.

एका ऑगस्ट महिन्यांतील गोष्ट. ठाणे-बेलापूर मार्गानें आम्ही तुर्भ्याहून कोपरखैरण्याकडे चाललों होतों. पाऊस नुकताच उघडला होता व आमचा वेग ताशीं चाळीस किलोमीटरच्या आंतच होता. एकाएकीं खालून चाबूक फोडल्यासारखा आवाज झाला, मागील चाक जागच्या जागीं जखडलें, आणि गाडी ओल्या रस्त्यावर आडवी घसरत गेली. आम्ही तिच्यापासून पांच-सहा हातांवर जाऊन पडलों. मागून रसायनांचा एक टँकर येत होता. त्याच्या चालकानें मोठ्या शिताफीनें तो आमच्यापासून थोड्याच अंतरावर उभा केला. खालीं उतरून त्यानें आम्हांस हात दिला आणि तो एवढेंच बोलला, "साहेब, आज घरीं गेल्यावर देवापुढें दिवा लावा." हेल्मेटावर एक लांब चरा उठला होता व कोपर सोलून निघालें होतें. यापलीकडे आम्हांस इजा झाली नाहीं.

चेन तुटून मागील चक्रांत अडकली होती. ती चारच दिवसांपूर्वीं एका गॅरेजांत नवी बसविलेली! अशा चेनीचीं दोन टोकें जोडणाऱ्या कडीवर नखाएवढी एक पोलादी पट्टी असते. तिला कारागीर 'चेनलॉक' म्हणतात. चेन ज्या दिशेनें धांवते त्या दिशेस पट्टीचें बंद तोंड यावें आणि उघडें तोंड मागें राहावें, असा नियम आहे. उलट बसविलेली पट्टी कशास तरी घांसून निसटण्याचा संभव असतो. आमच्या चेनीची पट्टी उलटीच बसविली गेली होती. ज्या दुसऱ्या कारागिरानें हें ओळखलें, त्यानें गाडी सुरू करून पाहिली व समाधानानें मान डोलावून म्हटलें, "इंजिन मात्र उत्तम आहे बरें, साहेब!"

त्याच्या या बोलण्यानें आम्हांस विचार करावयास लाविलें. इंजिन उत्तम होतें, म्हणूनच तर चार दिवस कोणास कांहीं संशय आला नव्हता. फटफटीच्या दोषांच्या दोन जाती आहेत. चालण्यांतील दोष ती आपल्याच तोंडानें सांगते. प्लग बिघडला, बॅटरी उतरली, तर ती सुरूच होत नाहीं; कामाचा खोळंबा होतो आणि घरधनी तिला त्याच दिवशीं कारागिराकडे नेतो. थांबण्यांतील दोष मात्र मुका असतो. ब्रेकचे पॅड झिजले म्हणून गाडी सुरू व्हावयाची राहात नाहीं. टायर गुळगुळीत झाला म्हणून ती हळू पळत नाहीं. हे दोष ज्या क्षणीं प्रकट होतात, त्या क्षणीं ते ऐकण्यास आपणांस वेळ उरलेला नसतो. म्हणून आपणच त्यांची विचारपूस केली पाहिजे.

आमचे एक शेजारी एकदां पांचवींत शिकणाऱ्या आपल्या कन्येस मागें बसवून बेलापूरजवळील पारसिक टेकडीवरून खालीं येत होते. उतार पुष्कळ, म्हणून पुढचा ब्रेक त्यांनीं सारखा धरून ठेवला होता. अर्ध्या वाटेवर ब्रेकची दांडी एकाएकीं सैल पडून मुठीला टेकली.

"बाबा, थांबवा ना!" मुलगी ओरडली.

"अग, दाबतोंच आहें!" ते म्हणाले.

तरी त्यांनीं धीर सोडला नाहीं. एकेक गिअर खालीं आणीत, मागचा ब्रेक दाबीत, शेवटीं त्यांनीं गाडी पदपथाच्या कडेला घांसून उभी केली. मुलीचा गुडघा फुटला, पण दोघेंही वांचलीं.

नवल असें कीं, पंधरा मिनिटांनीं तोच ब्रेक पुन्हा पूर्ववत् लागूं लागला! त्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें, आणि आपल्या खाडीकांठच्या हवेंत ओलाव्यास काय तोटा? ओलावा मिसळलेलें तेल पूर्वीपेक्षां कमी उष्णतेस उकळतें व त्यांत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव पदार्थ दाबून आकसत नाहीं, म्हणून एरव्हीं बोटांचा जोर चाकापर्यंत पोंचतो. वाफ मात्र आकसते. त्यामुळें सारा जोर बुडबुडे दाबण्यांतच खर्च होतो. तेल निवालें कीं बुडबुडे नाहींसे होतात आणि दोषही लपतो. साधारणतः दोन वर्षांनीं हें तेल बदलावें असें सांगतात, तें यासाठींच.

नेरुळ येथील एका विद्यार्थ्याच्या मातोश्रींच्या स्कूटरीची ॲक्सिलरेटरची तार गंजून अशीच अडकली. मूठ सोडली तरी स्कूटर पुढेंच धांवूं लागली. बाईंनीं तत्काळ किल्ली फिरवून इंजिन बंद केलें, म्हणून समोरच्या रिक्षावर आदळण्याचें टळलें. प्रसंगावधान तें हेंच.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं भारतांत १,६८,४९१ माणसें रस्त्यांवरील अपघातांत मृत्यु पावलीं. त्यांपैकीं शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचीं होतीं. त्याच अहवालांत शेंकडा ७१ मृत्यूंचें कारण अतिवेग असें नोंदलेलें आहे. मग यंत्रदोषाचें एवढें स्तोम कां, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, हे दोन वैरी हातांत हात घालून येतात. ताशीं ४० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदांत ११ मीटर जाते. ६० च्या वेगाची सुमारें १७ मीटर. ब्रेक लागत नाहीं हें उमजून दुसरा उपाय सुचण्यास दोनच सेकंद लागले, असें धरा. पहिली गाडी तेवढ्यांत २२ मीटर जाईल, दुसरी ३३. या ११ मीटरांत एखादें मूल रस्ता ओलांडीत असूं शकतें.

दोष कारखान्यांतही राहून जातो. मे २०१९ मध्यें रॉयल एनफील्ड कंपनीनें ब्रेक-कॅलिपरचा बोल्ट पुरेसा आवळला गेला नसेल या शंकेनें सुमारें ७,००० बुलेट गाड्या तपासणीसाठीं परत बोलाविल्या. मे २०२१ मध्यें तिनेंच इग्निशन कॉइलच्या दोषामुळें सुमारें २,३७,००० गाड्यांबाबत तसें केलें. अशी सूचना घरीं आल्यास ती जाहिरात समजून फेकून देऊं नये.

२०१९ च्या एप्रिलपासून १२५ सी.सी.हून मोठ्या नव्या दुचाक्यांस एबीएस बंधनकारक झालें. जोरानें ब्रेक दाबला असतां चाक जखडूं नये, अशी ही योजना आहे. ती फार उपयोगाची आहे. परंतु गुळगुळीत टायरास नवी पकड देण्याचें सामर्थ्य तिच्यांतही नाहीं.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, रोज सकाळीं दोन मिनिटें गाडीस द्यावीं. दोन्ही ब्रेक दाबून पाहावे. टायरांवरून हात फिरवून खिळा, चीर किंवा झीज पाहावी. चेन फार सैल नाहीं ना, तिची कडी जागेवर आहे ना, हें पाहावें. ॲक्सिलरेटरची मूठ फिरवून सोडावी. ती आपोआप परत आली पाहिजे. एवढ्यानें सर्व अपघात टळतील असें नाहीं. पण मुक्या दोषांस रोज एकदां बोलण्याची संधि मिळेल.

आणि विद्यार्थिमित्रांनो, मागें बसणाऱ्यासही विचारण्याचा अधिकार आहे. आमच्या शेजाऱ्यांची ती कन्या आतां आठवींत आहे. वडिलांनीं ब्रेक दाबून दाखविल्यावांचून ती गाडीवर पाय ठेवीत नाहीं. लोक तिला हट्टी म्हणतात. आम्ही तिला शहाणी म्हणतों.