मॅगझिनमधलं मॅगझिन

शीर्षक बरोबर आहे. हा लेख मॅगझिनवरच आहे, पण रायफलच्या! (शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा मराठी जरा सांभाळून घ्या.)

आपल्या पनवेलमध्ये रायफल म्हटलं की सुमा शिरूर यांचा 'लक्ष्य' क्लब आठवतो. तिथली एअर रायफल एकेक छरा भरून चालते. २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ब्राँझ मिळवलं, तेही एकेक गोळी भरूनच. मॅगझिनची भानगडच नाही. आमच्या घरात मात्र दोन महिने तीच चर्चा चालू होती.

माझा मामेभाऊ टेक्सासला असतो. त्याच्याकडे रेमिंग्टन ७०० ही बोल्ट अॅक्शन रायफल आहे, .३०८ ची. तिच्या पोटाखालच्या धातूच्या भागाला, म्हणजे ट्रिगर गार्ड आणि त्यापुढच्या पट्टीला, बॉटम मेटल म्हणतात. दादाच्या रायफलला तिथे बिजागरीची झडप आहे. गोळ्या वरून एकेक भरायच्या, आणि झडप उघडली की उरलेल्या सगळ्या हातात! त्याला ते काढून सुटं मॅगझिन बसेल असं मेटल हवं होतं. घरात मेकॅनिकलची मी एकटीच, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे आला.

दादा रंग आणि वजन बघत बसला होता. मी म्हटलं, आधी मॅगझिन ठरव. ब्रिटनच्या अॅक्युरसी इंटरनॅशनलच्या पद्धतीचं मॅगझिन आता बऱ्याच कंपन्या बनवतात, ते घे. पूर्ण विंगमध्ये ज्याचा चार्जर मिळतो तोच फोन घ्यावा ना, तसं.

खरी गंमत पुढेच आहे. झडपेच्या रायफलमध्ये गोळीला रोखून धरणारे ओठ रिसीव्हरच्या पोलादातच कोरलेले असतात. सुट्या मॅगझिनमध्ये तेच काम मॅगझिनच्या पातळ ओठांवर येतं. मॅगझिन हातातून पडलं, ओठ जरासा वाकला, की गोळी तिरकी शिरते. शिवाय मॅगझिन दरवेळी त्याच उंचीवर बसायला हवं. खाली राहिलं तर बोल्ट गोळीवरून नुसताच पुढे जातो, वर आलं तर ओठांना घासतो. म्हणजे मेटल घेताना बघायचं ते खटक्याचं ढिलेपण. मेट्रॉलॉजीचं प्रॅक्टिकल मला पहिल्यांदाच उपयोगी वाटलं. आणि लाकडी दस्ता नव्या मापाला कोरावा लागला तर कोरलेलं लाकूड परत भरत नाही, हेही त्याला दोनदा सांगितलं.

मग दादाला सुचलं, "आजोबांच्या रायफललाही असंच काहीतरी बसवू!" आजोबांची .३१५ पेणजवळ मामाकडे आहे, पिकाच्या राखणीच्या परवान्यावर. इंग्रजांच्या काळात लष्कराची .३०३ नागरिकांना मिळत नसे, म्हणून हे वेगळं माप आलं. पण आत अॅक्शन ली एनफील्डचीच, आणि पाच गोळ्यांचं मॅगझिन आधीपासूनच सुटं! जेम्स पॅरिस ली याने पेटी मॅगझिनचं पेटंट १८७९ मध्येच घेतलं होतं. या गोळीच्या बुडाला कडा असते. वरच्या गोळीची कडा खालचीच्या मागे गेली की दोन्ही अडकतात. त्यामुळे कडा नसलेल्या .३०८ चं मॅगझिन इथे चालायचं नाही.

आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यात सुटे भागही शस्त्रातच मोजतात. बाइकचा पार्ट मागवावा तसं कुरिअरने मागवता येत नाही. मामा तर भडकलाच. "अगं, निवडणूक आली की रायफल ठाण्यात जमा करतो, पावती जपतो. परवाना गेला तर तो दादा येणार आहे का टेक्सासहून?"

मामाचं मला पटलं. परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडून त्याने फक्त मॅगझिनची स्प्रिंग बदलून घेतली. दादाने जुना दस्ता तसाच ठेवून नवं मेटल बसेल असा दुसरा घेतला. इकडे भात पोटरीला आलंय, रानडुकरं रोज रात्री बांधावर येतात, आणि वनखात्याच्या परवानगीचा कागद अजून यायचाय.