बादशाही वाडगा

नागपूरच्या महालातील आमच्या वाड्याची वाटणी ठरली, तेव्हा शेतीवाडी, दागिने, भांडीकुंडी यांचे तीन भाग फारसा बोभाटा न होता पडले. घोडे अडले ते एका चिनी मातीच्या वाडग्यापाशी! चैत्रातील हळदीकुंकवाला तो फडताळातून बाहेर निघे, त्यात गौरीपुढे फुले ठेवली जात, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कुलपात जाई.

घरातील आख्यायिका अशी: १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, १८५४ साली राज्य खालसा झाले, आणि राजवाड्यातील जडजवाहीर व हत्तीघोडे कंपनी सरकारने लिलावात विकले. त्याच लिलावात आमच्या पूर्वजांनी हा वाडगा घेतला. चीनच्या बादशहाच्या भट्टीतला तो. तळाशी निळी सहा अक्षरेच साक्षीला होती. किंमत लाखांत असणार, म्हणून तिन्ही भावांना तो हवा होता. बोलणे तुटण्याची वेळ आली.

त्याच सुमारास मुंबईस जाणे झाले. तेथील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहातील चिनी भांडी आहेत. त्यांच्यापुढे मी तास दीड तास उभी होते. जिंगदेझेनची ती पांढरी माती, सुमारे तेराशे अंशांची आच, झिलईवर रंगविलेली फुले पक्की करण्यासाठी दुसरी मंद भाजणी, सोन्यापासून सिद्ध केलेला गुलाबी रंग! पिओनी वैभवाची, कमळ निर्मळपणाचे, शेवंती शरदाची. कांगशी बादशहाच्या काळी तर बारा महिन्यांचे बारा पेले निघाले. प्रत्येकावर त्या त्या महिन्याचे फूल. हे सारे पाहताना आमच्या वाडग्याविषयी मनात शंका डोकावली.

पुढे एका जाणकार गृहस्थांनी तो भिंगाखाली धरला. अक्षरे च्येनलुंग बादशहाच्या नावाची, म्हणजे १७३६ ते १७९५ या काळाची खरी. पण तीच अक्षरे पुढे कोणीही घालीत असे. "हे पाहा," ते म्हणाले, "फुले हाताची नव्हेत, छापाची आहेत. छापाची दोन टोके जुळली तेथे पाकळी अर्धीच राहिली आहे. हा माल विसाव्या शतकातला."

वाद क्षणात मिटला. आता वाडगा कोणालाच नको होता. परंतु अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंना हे सांगावे कोणी? त्यांनीच विचारले, तेव्हा मी म्हटले, "पुष्कळ जुना आहे म्हणाले."

त्या हसल्या. "तुला खोटे बोलता येत नाही, सूनबाई. खरा वाडगा माझ्या हातून फुटला, लग्नानंतरच्या पहिल्याच चैत्रात. अठरा वर्षांची होते मी. मामंजींनी पाहिले, पण एक शब्द बोलले नाहीत. तुकडे पंचात बांधून परसात प्राजक्ताखाली पुरले आणि तिसऱ्या दिवशी सीताबर्डीवरून हा घेऊन आले. सासरी पोरीला कोणी बोल लावू नये म्हणून. त्यांनी जन्मभर वाच्यता केली नाही. मी कोणत्या तोंडाने करू? पण या मातीपायी माझी मुले अबोला धरणार असतील, तर सांगितलेलेच बरे."

मिंग बादशहांच्या काळी सरकारी भट्टीतले सदोष भांडे फोडून पुरीत. बादशहाची वस्तू दुसऱ्याच्या हाती पडू नये म्हणून. जिंगदेझेनला उत्खननात तसल्या खापऱ्यांचे ढीग सापडले आणि पंडितांनी त्या सांधून भांडी उभी केली. त्यांनी पुरल्या त्या सत्तेचा मान राखण्यासाठी. आमच्या आजेसासऱ्यांनी पुरल्या त्या एका नव्या सुनेचा मान राखण्यासाठी.

वाडा पाडण्यापूर्वी प्राजक्ताखाली खणून पाहावे, असे धाकट्या भाऊजींनी सुचविले. तुकडे सांधले तर मोल येईलही. थोरले भाऊजी बराच वेळ खाली पाहत राहिले, मग म्हणाले, "आबांनी झाकले ते आपण उघडायचे नाही." कुदळ कोणी उचलली नाही.

छापील फुलांचा तो वाडगा आमच्या वाट्याला आला. हळदीकुंकवाला आलेली एखादी सवाष्ण त्याची चौकशी करते. सासूबाई एवढेच सांगतात, "आमच्या मामंजींनी आणलेला."