चहाच्या रंगाचा डोळा

मे महिन्यात सकाळचे आठ वाजून गेले की भिलाईत ओल्या कागदावर आकाश रंगवायचा नाद सोडून द्यावा. आधी कागदावर पाणी मारायचं, ते चमकत असतानाच निळा सोडायचा, ढगांच्या जागा कोऱ्या ठेवायच्या, कृती एवढीच. पण निळा अर्ध्यावर पोचेपर्यंत उरलेला कागद ठणठणीत कोरडा होतो आणि ढगाला करवतीसारखी कड येते. लडाखच्या पोस्टिंगला याच्या उलट. तिथे ब्रशमधलं पाणी कागदावरच गोठून त्याचे स्फटिक व्हायचे. पाण्यात थोडं मद्य घातलं की ते सहजी गोठत नाही. त्यासाठी जिन चांगली, कारण ती पाण्यासारखी स्वच्छ. आमच्याकडे होती रम, आणि रमचा स्वतःचाच रंग बर्न्ट सिएनाचा. माझी लडाखमधली सगळी आकाशं संध्याकाळची आहेत, ती त्यामुळे.

इथला उपाय सेक्टर ६ मधल्या रविवारच्या मंडळींनी सांगितला. कूलर! तीनशे जीएसएमचा कागद दोन्ही बाजूंनी भिजवायचा, फरशीच्या तुकड्यावर चिकटवायचा आणि कूलरच्या खोलीत बसायचं. हवेत ओल असते, कागद निवांत ओला राहतो. एसीच्या खोलीत हे जमत नाही, एसी हवेतली ओल काढून घेतो.

एनसीसीच्या पोस्टिंगवर इथे आलो तेव्हा भिलाई म्हणजे पोलाद एवढंच डोक्यात होतं. जामा मशिदीच्या मागच्या बाजूला एका क्वार्टरच्या व्हरांड्यात पाच-सहा लोक रविवारी चित्रं घेऊन जमतात, हे योगायोगाने कळलं. प्लांटमधून निवृत्त झालेले तिघे, एक बंगाली शिक्षिका, आयटीआय करणारा एक छत्तीसगढी मुलगा आणि आता मी. चित्रं भिंतीला टेकवून ओळीने ठेवायची, काढणाऱ्याने गप्प बसायचं, बाकीच्यांनी बोलायचं. पहिल्याच रविवारी त्या मुलाने माझ्या चित्राकडे पाहून सांगितलं, "इसमें तीन रंग एक साथ लड़ रहे हैं." फौजेत मेसच्या भिंतीवर कर्नलने काढलेलं चित्र लावलं तर "बहुत बढ़िया, सर" याच्या पलीकडे काही ऐकू येत नाही. मी त्या मुलाला चहा पाजला.

सैनिक आणि जलरंग हे नातं तसं जुनं आहे. १७६८ साली पॉल सँडबी हा नामवंत इंग्रज जलरंगकार वूलिचच्या लष्करी अकादमीत ड्रॉइंग मास्तर झाला. कॅमेरे नव्हते, समोरचा मुलूख कागदावर उतरवता येणं हा तोफखान्याच्या आणि इंजिनीअरांच्या शिक्षणाचा भाग होता. आम्हीही प्रशिक्षणात फील्ड स्केच काढली. त्यात काय काढायचं यापेक्षा काय सोडायचं हे जास्त कळावं लागतं. जलरंगातही तेच, कारण इथे उजेड म्हणजे न रंगवलेला कागद.

यावरून व्हरांड्यात कायम वाद. १८३४ पासून चायनीज व्हाइट बाजारात आहे, मग उजेड शेवटी वरून का लावू नये? शिक्षिका लावतात. त्याविरुद्ध ठाम उभे राहतात ते आमचे काका. मूळ घराणं नागपूरकडचं, सगळी नोकरी रेल मिलमध्ये. "तापलेल्या लोखंडावर पांढरं कोणी नेऊन टाकते का जी?" असं विचारतात. गर्द लाल म्हणजे साडेसातशे अंशांच्या आसपास, नारिंगी साडेनऊशे, पिवळं अकराशे आणि तेराशेच्या पुढे पांढरं, हा हिशेब त्यांच्या डोळ्यांत बसलेला. चित्रातही ते तसेच चालतात: मध्ये कोरा कागद, त्याभोवती लेमन यलो, मग नारिंगी, मग लाल आणि बाहेर काळोख. काळोख जितका गडद, तितका कागद पेटतो. सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं समजतात. तेही जलरंगच. ज्योतीपुढे धरलेल्या हाताची बोटं लालसर उजळलेली आहेत, ती बघून काका म्हणाले, "हे नऊशे अंशाचं आहे."

गेल्या हिवाळ्यापासून काकांच्या चित्रांत काहीतरी बिनसलं होतं. गुलमोहराखालच्या सावलीत प्रुशियन ब्लू कच्चाच्या कच्चा, ओरडणारा. कुठे निळ्याच्या जागी काळा. सगळ्यांना दिसत होतं आणि नियम असूनही सगळे गप्प होते, कारण काका सगळ्यांत ज्येष्ठ. शेवटी मी बोललो. "काका, ही सावली काळी नाही, निळी आहे. डोळे दाखवून या."

ते बराच वेळ चित्राकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "पस्तीस वर्षं या डोळ्यांचा पगार खाल्ला, साहेब." चित्र उचललं आणि गेले. पुढचे तीन रविवार आले नाहीत. क्वार्टरसमोरून जाताना मी नमस्कार करायचो, ते मान हलवायचे, एवढंच.

मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. भिंग हळूहळू पिवळं पडतं आणि निळा आत येईनासा होतो. इतकं सावकाश की माणसाला पत्ता लागत नाही. क्लोद मोनेचं हेच झालं होतं. १९२३ मध्ये त्याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मग त्याला सगळं फार निळं दिसतंय अशी तक्रार सुरू झाली.

काकांचाही उजवा डोळा आधी झाला. चौथ्या आठवड्यात स्वतःहून व्हरांड्यात आले, माझ्या पांढऱ्या शर्टासमोर उभे राहिले आणि एकदा हा, एकदा तो डोळा झाकून बघू लागले. "इकडून नीळ दिल्यासारखा, तिकडून चहात बुडवल्यासारखा. इतके दिवस मी चहातच होतो म्हणजे."

आता त्यांना दोन्ही भिलाई काढायच्या आहेत, शेजारी शेजारी. गोची अशी की डावा डोळा झाडासारखाच कागदावरचा रंगही पिवळाच बघतो, त्यामुळे नुसतं डाव्याने काढलेलं चित्र आम्हाला चहासारखं दिसतच नाही. उत्तर आयटीआयच्या मुलाने शोधलं: बघायचं डाव्याने, रंग मिसळायचा उजव्याने. काका हाताने एक डोळा झाकतात, झाडाकडे बघतात, मग दुसरा झाकून पॅलेटकडे वळतात. आधी सगळ्या कागदावर यलो ऑकरचा पातळ हात देतात, तो सुकला की वरून झाड. कोरा पांढरा कुठेच शिल्लक राहत नाही, आणि कोऱ्या कागदासाठी भांडणाऱ्या माणसाला ते मनापासून पटत नाही. चायनीज व्हाइटवाल्या शिक्षिका मजेत आहेत.

डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यातली आहे. त्याआधी गुलमोहर, मशिदीमागची गल्ली, सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू आणि आठवणीतली रेल मिल एवढं चहातलं उरकायचं आहे, नंतर ते दिसणार नाही. गुलमोहर झाला, गल्ली अर्धी झाली. माझी यलो ऑकरची ट्यूब सध्या त्यांच्याकडे आहे.