पात्राचे नेम

डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला बसलं की सुरुवातीचा बराच वेळ आपल्या पात्राचा कागद भरण्यात जातो. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि समोरच्यावर पडणारी छाप, असे सहा गुण. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली आला, तेव्हा प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे आणि बेरीज येईल ती मुकाट्याने लिहायची. तिन्ही सहा पडून १८ येण्याचा योग २१६ वेळांत एकदा. पुण्याच्या वसतिगृहात हा कागद पहिल्यांदा माझ्या हाती आला, तेव्हा सगळ्यांचे डोळे त्या अठरावर लागले होते. मला मात्र त्यात एक रकाना हवा होता: हा माणूस काही केल्या काय करणार नाही?

हा प्रश्न मी सातपुड्यातून घेऊन आलो होतो. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, त्यांची बदली अक्कलकुव्याच्या वर, मोलगीच्या बाजूला झालेली. होळीआधी भोंगऱ्याचे बाजार भरायचे. दाळ्या, गूळ, घुंगरू यांच्या पालांमधून आम्ही पोरं हिंडायचो. पाड्यापाड्यांतून काही माणसं त्या दिवसांत वेगळी होत. कुणी नवसाचा बुध्या, कुणी बावा, कुणी मोरखी, कुणी तोंड काळं करून काली. बुध्याच्या अंगावर पांढरी नक्षी, कमरेला सुकवलेले भोपळे आणि घुंगरू, डोक्यावर मोरपिसं खोचलेला बांबूचा उंच टोप. तो चालू लागला की आधी आवाज यायचा, मग माणूस दिसायचा.

आमच्याकडे लाकडं फोडायला येणारे एक काका होते. आले की ओट्यावरच्या खाटेवर टेकायचे, चहा घ्यायचे, वडिलांशी तासभर बोलायचे. एका वर्षी होळीच्या तोंडावर ते आले आणि अंगणातच उभे राहिले. आईने सवयीने चहा पुढे केला, त्यांनी हात जोडले. मी खाट ओढू लागलो, तेव्हा वडील म्हणाले, ‘‘राहू दे. ते आता बुध्या आहेत. त्यांना बस म्हणू नकोस.’’ टोप नव्हता, घुंगरू नव्हते, अंगावर रोजचाच सदरा. तरी समोरचा माणूस दुसरा होता. जमिनीवर झोपायचं, खाट-खुर्चीला शिवायचं नाही, अंघोळ नाही, ब्रह्मचर्य पाळायचं. या नेमांनी ते आधीच बुध्या झाले होते, वेश मागून चढणार होता.

पुढे काठी गावच्या राजवाडी होळीला त्यांना पाहिलं. ही होळी १२४६ सालापासून चालत आल्याचं काठीत सांगतात. रात्रभर ढोल, रात्रभर नाच, आणि उंचच उंच बांबू उभा करून पहाटे पेटणारी होळी. शेकडो बुध्यांत मी त्यांना ओळखलं ते चेहऱ्यावरून नव्हे, पाय टाकायच्या लकबीवरून.

नवस आणि खेळ यांची बरोबरी मी करत नाही. काकांनी देवाला शब्द दिला होता, त्यामागे घरातलं आजारपण होतं. आम्ही मित्र रविवारी फासे टाकत होतो. पण पात्राला जीव कशाने येतो, हे मला त्या अंगणात दिसलं आणि टेबलावर ते उपयोगी पडलं.

माझ्या पहिल्या पात्राचे आकडे बेताचेच आले. मी कागदाच्या कडेला लिहिलं: ज्याच्या घरचं मीठ खाल्लं, त्याच्यावर हात उचलायचा नाही. खेळ चालवणाऱ्या मित्राने ते वाचलं आणि काही बोलला नाही. पुढे आम्ही गाव लुटणाऱ्या सरदाराच्या वाड्यात शिरलो, तर त्याने आम्हाला मारलं नाही, पानावर बसवलं. भाकरी वाढली. सगळे माझ्याकडे बघू लागले. खाल्लं तर तलवार म्यान, उठलो तर तिथेच रक्तपात. तोवर माझा शिपाई म्हणजे नुसती बेरीज होती. त्या पानासमोर तो पहिल्यांदा विचार करू लागला. मी भाकरी खाल्ली आणि सरदाराशी बोलायला बसलो. गाव वाचवायला मग आम्हाला तलवारीवाचून वाट शोधावी लागली.

खेळाच्या २०१४च्या आवृत्तीने स्वभाव, आदर्श, बंध आणि उणीव यांना कागदावर जागा दिली. चांगलंच झालं. पण रागीट, हट्टी, भित्रा असं लिहून भागत नाही. ते विशेषण पहिल्या लढाईतच विसरलं जातं. नेमाची तशी गत होत नाही, कारण तो मोडताना सगळ्यांना दिसतो.

आता सुट्टीत नंदुरबारला गेलो की भाचरांना घेऊन बसतो. खेळाचं जग तिथलंच: तोरणमाळचं तळं, नर्मदेचा काठ, घाटातल्या वाटा. किल्ले आणि ड्रॅगन मुलांना टीव्हीवर भरपूर मिळतात. खेळ सुरू करण्याआधी मी प्रत्येकाला नेम विचारतो. यंदा धाकट्या भाचीने वाटाड्या घेतली. चपळाई सतरा, पोरगी खूश. नेमाच्या जागी तिने लिहिलं, ‘सोबतच्या माणसाला मागे सोडून पुढे जाणार नाही.’ थोरला लगेच म्हणाला, ‘‘वाटाड्या पुढे नाही गेली तर रस्ता कोण दाखवणार?’’ ती म्हणाली, ‘‘मग तुम्ही भरभर चाला,’’ आणि फासे उचलले.