आपण म्हणजे कोण?

कोल्हापूर,
ऑगस्ट 2024

चि. बाळास,


तुझं पत्र परवा मिळालं. जूनमधल्या त्या रात्रीबद्दल तू विचारलं आहेस, म्हणून सविस्तर लिहिते. फोनवर हे बोलणं होत नाही, दादा शेजारीच बसलेला असतो.

झालं ते एवढंच. 19 जूनला रात्री साडेअकराच्या सुमारास स्टुटगार्टहून तुझ्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला. अंगात जर्मनीचा पांढरा शर्ट, गालावर काळा-लाल-पिवळा पट्टा. "आबा, आपण जिंकलो! दोन-शून्य!" आबांनी, म्हणजे माझ्या दादाने, विचारलं, "आपण म्हणजे कोण रे?" आणि पोर गप्प झालं. दहा वर्षांच्या मुलाला उत्तर ठाऊक होतं. ते दिलं तर आबांना काय वाटेल, हेही त्याला त्याच क्षणी कळलं.

जर्मन भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' या दोन्हींना एकच शब्द आहे. मराठीत 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. 'आम्ही' म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हणताना तो आत येतो. तिथे जन्मलेलं, तिथल्या शाळेत जाणारं पोर 'आम्ही जिंकलो' म्हणालं असतं तर व्याकरणाने कुणी चूक काढली नसती. त्याने आबांना आत घेतलं. दादाला त्या शब्दात परका देश ऐकू आला. मला त्यात दादाच ऐकू आला, आणि तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही.

त्या रात्री युरो स्पर्धेत हंगेरीला हरवणारे दोन गोल कुणी केले ते पाहा. पहिला जमाल मुसियालाचा. तो स्टुटगार्टमध्येच जन्मला. आई जर्मन, वडील नायजेरियन वंशाचे ब्रिटिश. तो वाढला इंग्लंडमध्ये, 21 वर्षांखालच्या इंग्लंडच्या संघाकडून खेळला, आणि 2021 च्या फेब्रुवारीत त्याने जर्मनी निवडली. दुसरा गोल कर्णधार इल्काय गुंडोआनचा. जन्म गेल्सेनकिर्शनचा, घर तुर्की. तुझ्या मुलाला 'आपण' म्हणायला लावणाऱ्या त्या दोघांनाही 'तू नक्की कुणाचा' हा प्रश्न आयुष्यभर ऐकावा लागला आहे.

गेल्सेनकिर्शन हे रूर खोऱ्यातलं कोळशाचं गाव. 30 ऑक्टोबर 1961 ला पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात मजूरभरतीचा करार झाला आणि अनातोलियातल्या खेड्यांतून माणसं आगगाडीने खाणींकडे, कारखान्यांकडे निघाली. त्यांना नाव मिळालं 'पाहुणे कामगार'. सुरुवातीला दोन वर्षांची मुदत होती, 1964 मध्ये ती काढून टाकली. शिकवून तयार केलेला माणूस परत पाठवणं कारखान्यांनाच परवडेना. 1973 मध्ये भरती थांबली. तोवर बायका-मुलं येऊ लागली होती. पाहुणा म्हणजे परत जाणारा, आणि यांच्या तर नातवंडांचे जन्म तिथे झाले. कोळशाच्या त्या गावात जाळीने बंदिस्त केलेल्या छोट्या मैदानांवर ती नातवंडं फुटबॉल खेळली. त्यांतलाच एक मेसुत ओझिल. हमित आणि हलिल अल्तिनतोप हे जुळे भाऊही त्याच गावचे. अल्तिनतोप बंधू तुर्कस्तानकडून खेळले, ओझिल आणि गुंडोआन जर्मनीकडून. गाव एक, खाण एक, घरातली भाषा एक, आणि उत्तरं दोन.

8 ऑक्टोबर 2010 ला बर्लिनच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये जर्मनी आणि तुर्कस्तान समोरासमोर आले. चेंडू ओझिलच्या पायाशी गेला की तुर्की प्रेक्षक शिट्ट्या मारत होते. हे प्रेक्षक इस्तंबूलहून आलेले नव्हते, बहुतेक बर्लिनचेच होते, त्याच्यासारखेच तिथे वाढलेले. त्याने गोल केला आणि आनंद व्यक्त केला नाही. हात वर नाहीत, धावणं नाही. जर्मनी 3-0 ने जिंकली. चार वर्षांनी तो विश्वविजेता झाला, आणि आणखी चार वर्षांनी त्याच्यावर देशच उलटला.

2018 च्या मे महिन्यात, तुर्कस्तानची निवडणूक तोंडावर असताना, त्याने आणि गुंडोआनने लंडनमध्ये राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांच्यासोबत फोटो काढून घेतला. माझ्या मते ती चूक होती. पत्रकारांना तुरुंगात टाकणाऱ्या सत्ताधाऱ्याच्या प्रचाराला आपला चेहरा देणं चूकच, आणि त्यावर टीका करणारे सगळे वंशद्वेष्टे नव्हते. पण मग रशियातल्या विश्वचषकात जर्मनी मेक्सिकोकडून हरली, दक्षिण कोरियाकडून हरली, गटातूनच बाहेर पडली, आणि खापर फुटलं ते त्या फोटोवर. 22 जुलैला ओझिलने राष्ट्रीय संघ सोडला. जिंकलो तर मी जर्मन आणि हरलो तर मी परका, असं त्याने लिहिलं. जर्मनीचेच खेळाडू क्लोजा आणि पोडोल्स्की पोलंडमध्ये जन्मले तरी त्यांना कुणी जर्मन-पोलिश म्हणत नाही, मग मला जर्मन-तुर्की का, असंही विचारलं. 92 सामने खेळलेल्या माणसाला हे विचारावं लागलं. मराठीत सांगायचं तर जिंकल्यावर 'आपण' आणि हरल्यावर 'तुम्ही'.

हे तेव्हाचं म्हणून सोडून देता येत नाही. यंदाच्या स्पर्धेआधी एका जर्मन वाहिनीच्या माहितीपटासाठी जनमत चाचणी झाली. संघात गोरे खेळाडू जास्त असावेत असं 21 टक्के लोकांनी सांगितलं. कर्णधाराची मुळं तुर्की आहेत याचं 17 टक्क्यांना वाईट वाटत होतं. प्रशिक्षक नागेल्समान आणि खेळाडू किमिश यांनी असा प्रश्न विचारणंच वंशद्वेषी असल्याचं उघडपणे सांगितलं, त्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं. दुसऱ्या बाजूलाही गुंडोआनला सुख नव्हतं. नोव्हेंबर 2023 मध्ये बर्लिनला तुर्कस्तानने जर्मनीला 3-2 ने हरवलं, तेव्हा आपल्याच देशात पाहुण्या संघासारखं खेळणाऱ्या जर्मनीच्या या कर्णधाराला तुर्की प्रेक्षकांच्या शिट्ट्या ऐकाव्या लागल्या.

आणि यंदा काय झालं? जर्मनीचा कर्णधार गुंडोआन गेल्सेनकिर्शनचा. तुर्कस्तानचा कर्णधार हाकान चालहानोग्लू मानहाइमचा. दोन संघांचे दोन कर्णधार, दोघेही जर्मनीत जन्मलेले, दोघेही तुर्की घरातले. दोघांपैकी कुणी कुणाशी बेइमानी केली, हे मला कुणी सांगावं.

दादाला मी यावर आपल्या घरातली गोष्ट सांगितली. माझं माहेर शिवाजी पेठ, सासर मंगळवार पेठ. शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालीम यांची शाहू स्टेडियमवर गाठ पडली की त्या दिवशी आपल्या दोन्ही घरांत काय वातावरण असतं, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. लग्न होऊन सासरी आले त्या वर्षी सासऱ्यांनी विचारलं होतं, "आता तू कुणाकडची?" सून म्हणून त्या प्रश्नाला एकच उत्तर चालणार होतं, ते मी दिलं. पण शिवाजीने गोल केला की पोटात जे हलतं ते चाळीस वर्षांत थांबलेलं नाही. पाटाकडीलसाठी माझा मुलगा पहिल्यांदा मैदानात उतरला तेव्हा मला रडू आलं, तेही तितकंच खरं. प्रत्येक लग्न झालेल्या बाईला हे माहीत असतं. तिला कुणी देशद्रोही म्हणत नाही.

म्हणूनच जाका भावांच्या आईचा फोटो मी इतका वेळ बघत बसले होते. हे कुटुंब कोसोवोतलं अल्बेनियन. युगोस्लाव्ह राजवटीविरुद्धच्या निदर्शनांत भाग घेतला म्हणून वडिलांनी साडेतीन वर्षं तुरुंगात काढली, मग ते स्वित्झर्लंडला आले. दोन्ही मुलं बाझेलमध्ये जन्मली. थोरला तौलांत अल्बेनियाकडून खेळायला लागला, धाकटा ग्रानित स्वित्झर्लंडकडून. 11 जून 2016 ला फ्रान्समधल्या लाँस गावी युरो स्पर्धेत दोघे सख्खे भाऊ एकमेकांविरुद्ध उभे राहिले. आई प्रेक्षकांत होती. तिच्या अंगात मधोमध जोडलेला शर्ट होता, अर्धा अल्बेनियाचा, अर्धा स्वित्झर्लंडचा. तौलांत बदली होऊन बाहेर आला तेव्हा पाण्याची बाटली भिरकावून बसला. स्वित्झर्लंड 1-0 ने जिंकलं. ती बाई त्या दिवशी जिंकली की हरली, याचं उत्तर मला सापडलेलं नाही. कोसोवोला फुटबॉलच्या जागतिक संघटनेत प्रवेश मिळाला तो त्याच्या जेमतेम महिनाभर आधी. त्या घराचा खरा देश मैदानावर नव्हताच.

दादा म्हणतो, माणसाने एकदा काय ते ठरवावं. त्याला रशीद मेखलुफीची हकीकत सांगितली. मेखलुफी अल्जेरियाचा, फ्रान्सच्या सेंत-एतिएन क्लबचा तरुण आघाडीवीर. 1958 च्या विश्वचषकासाठी फ्रान्सच्या संभाव्य संघात त्याचं नाव होतं. त्या एप्रिलमध्ये तो, मोनॅकोचा मुस्तफा झितुनी आणि आणखी काही खेळाडू गुपचूप फ्रान्स सोडून ट्युनिसला गेले आणि स्वातंत्र्यलढ्याच्या संघाकडून खेळू लागले. या संघाला जागतिक संघटनेची मान्यता नव्हती. 1962 मध्ये अल्जेरिया स्वतंत्र झाला. मेखलुफी सेंत-एतिएनला परतला, लोकांनी त्याला स्वीकारलं, आणि 1968 च्या फ्रेंच चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने दोन्ही गोल करून क्लबला चषक मिळवून दिला. त्याने ठरवलं होतं, दादा. आणि तरीही तो दोन्हीकडचा राहिला.

जखम मात्र लवकर भरत नाही. 6 ऑक्टोबर 2001 ला, स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच, फ्रान्स आणि अल्जेरिया एकमेकांशी खेळले. पॅरिसजवळच्या सेंट-डेनिसचं स्टेडियम. याच सेंट-डेनिस भागात 1953 मध्ये अल्जेरियाचा एक तरुण कबाइल मजूर बांधकामावर राबत होता. त्याचा मुलगा झिनेदिन झिदान त्या दिवशी फ्रान्सच्या संघात होता. फ्रान्सचं राष्ट्रगीत सुरू झालं आणि अल्जेरियन घरांतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. फ्रान्स 4-1 ने पुढे असताना, शेवटच्या पाव तासात, पोरं मैदानात घुसली आणि सामना थांबवावा लागला. ग्वादलूपमध्ये जन्मलेला फ्रान्सचा खेळाडू तुराम एका पोराला धरून रागावून काही सांगत होता, ते चित्र जगाने पाहिलं. ती पोरं फ्रान्समध्येच वाढलेली होती. तिथल्या शाळा, तिथले उपनगरांतले उंच इमल्यांचे वाडे, तिथली बेकारी. आजोबांच्या देशाचा झेंडा त्यांनी अंगाला गुंडाळला, कारण ज्या देशात ती राहत होती तो देश त्यांच्या अंगाला बसत नव्हता. राष्ट्रगीताचा अपमान मला पटत नाही. पण त्या शिट्टीमागे काय होतं ते कुणी नीट ऐकलंही नाही.

याचं दुसरं चित्रही आहे. 2022 च्या विश्वचषकात उपांत्य फेरी गाठणाऱ्या मोरोक्कोच्या 26 खेळाडूंपैकी 14 जण मोरोक्कोबाहेर जन्मलेले होते. अशरफ हकिमी माद्रिदचा. आई घरकाम करायची, वडील रस्त्यावर विक्री करायचे. स्पेनविरुद्ध टायब्रेकरमधली शेवटची पेनल्टी त्यानेच मारली, आणि तीही अशी अलगद की पाहताना माझा श्वास थांबला. सामने संपल्यावर खेळाडू प्रेक्षकांत आयांना शोधत जायचे.

आपल्या कोल्हापुरातही विश्वचषक आला की पेठापेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. साओ पावलोत आपला एकही नातेवाईक नाही, तरी कुणी विचारत नाही की तुम्ही त्यांचे कोण. गोव्यात प्रकरण थोडं नाजूक. 2021 च्या डिसेंबरात कळंगुटला रोनाल्डोचा पुतळा उभा राहिला तेव्हा काही गोवेकरांनी काळे झेंडे दाखवले. पोर्तुगालच्या खेळाडूचा पुतळा कशाला, गोव्याच्या एखाद्या खेळाडूचा का नको, असं त्यांचं म्हणणं होतं. तिथे पोर्तुगाल हा नुसता संघ नाही, अनेक घरांच्या कपाटातला पासपोर्टही आहे.

पासपोर्टचा प्रश्न तुझ्या घरातही येणारच. तो व्हिडिओ कॉल झाला त्यानंतर बरोबर आठ दिवसांनी, 27 जूनला, जर्मनीत नवा कायदा लागू झाला. आता जर्मन होताना जुनं नागरिकत्व सोडावं लागत नाही. ओझिलला तुर्की नागरिकत्व सोडावं लागलं होतं. पण आपला देश दुहेरी नागरिकत्व देत नाही, आणि भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो. पुणे एफसीकडून खेळलेला अराता इझुमी आठवतो? वडील गुजराती वंशाचे, जन्म जपानचा. त्याने जपानी पासपोर्ट परत केला आणि 2013 मध्ये भारताकडून खेळला. तुझ्या मुलाला कधी निवडावं लागलं तर तो मोठा होऊन निवडेल. दहाव्या वर्षी, आबांच्या समोर, गालावरचा रंग वाळायच्या आत त्याने निवडावं, असं मला वाटत नाही.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट सांगते. 5 जुलैला रात्री जर्मनी-स्पेन सामना होता, तुमच्याच स्टुटगार्टमध्ये. दादा जेवून झोपायला गेला होता. साडेदहाला उठले तर बाहेरच्या खोलीत टीव्हीचा उजेड. आवाज बंद करून तो एकटा बसला होता. मी मागे उभी राहिले, त्याला कळलं नाही. सामना जादा वेळेत गेला. 119 व्या मिनिटाला स्पेनच्या मिकेल मेरिनोने डोक्याने गोल मारला आणि कोपऱ्यातल्या झेंड्याभोवती चक्कर मारली. तेहेतीस वर्षांपूर्वी याच मैदानावर त्याच्या वडिलांनी गोल करून अशीच चक्कर मारली होती म्हणे. दादाने कपाळावर हात मारला.

"गेलो आपण," तो म्हणाला.

मग मला पाहून थोडा दचकला आणि विचारलं, तिकडे आता किती वाजले असतील, पोर जागं असेल का. फोन लाव म्हटलं तर लावला नाही. त्याला रडताना बघवायचं नाही म्हणाला. त्यानंतर तो विषय त्याने काढलेला नाही, पण नाताळची सुट्टी कधी लागते हे दोनदा विचारून झालं आहे. तोवर इथले सामने सुरू होतील. तू रविवारी फोन कर, आणि आधी मुलाच्या हातात दे.

सूनबाईंना आशीर्वाद. प्रकृतीला जप.

तुझी,
आत्या