वाढीचें माप

पंगतींत वाढपी पळी किती वेळां बुडवितो एवढ्यावरून पानांत किती पडलें हें ठरत नाहीं. पळी केवढी हेंही पाहावें लागतें. कंपन्यांच्या वाढीविषयीं वाचतांना हा साधा विवेक आमच्या सुशिक्षित घरांतूनही क्वचितच दिसतो. वर्तमानपत्रांत चढत्या स्तंभांचें चित्र दिसलें कीं, आयुष्याची पुंजी तेथें नेऊन ठेवण्यास माणसें सिद्ध होतात.

१९८१ सालीं पुण्यांत दहा हजार रुपयांच्या भांडवलावर निघालेल्या इन्फोसिसचेंच उदाहरण घेऊं. १९९८-९९ सालीं तिचें उत्पन्न सुमारें १२ कोटि डॉलर होतें. २००३-०४ सालीं तें १०६ कोटि झालें. म्हणजे पांच वर्षें ती दरसाल सुमारें शेंकडा ५४ या चक्रवाढ गतीनें वाढली. २०१८-१९ ते २०२३-२४ या पांच वर्षांत मात्र उत्पन्न ११८० कोटींवरून १८५६ कोटींवर गेलें; गति शेंकडा साडेनऊ. मग कंपनी मंदावली म्हणावें काय? पहिल्या खेपेस भर पडली ९४ कोटींची, दुसऱ्या खेपेस ६७६ कोटींची! दोन्ही विधानें खरीं आहेत. जो तो आपल्या सोयीचें तेवढें सांगतो.

गति काढतांना चक्रवाढच धरावी लागते. एखाद्या दुकानाची शंभर रुपयांची उलाढाल एका वर्षीं दोनशें झाली व पुढच्या वर्षीं पुन्हां शंभरावर आली, तर पहिली वाढ शेंकडा १०० व नंतरची घट शेंकडा ५०. यांची सरळ सरासरी काढणारा 'दरसाल शेंकडा २५ वाढ' असें बेधडक लिहील. दुकान मात्र होतें तेथेंच आहे! नाण्याचीही गोष्ट तीच. २०२३-२४ सालीं याच इन्फोसिसचें उत्पन्न डॉलरांत शेंकडा १.९ वाढलें, तर रुपयांत ४.७. काम तेंच, गिऱ्हाइकें तींच. रुपया तेवढा उतरला होता.

ही किचकट चिकित्सा हवी कशाला, असें कोणी विचारील. आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त शिक्षक भविष्यनिर्वाह निधीची सारी रक्कम एका कंपनीच्या शेअरांत घालावयास निघाले होते. त्यांच्या हातांतील पत्रकांत वाढीचा हिशेब २०२०-२१ पासून, म्हणजे टाळेबंदीनें तिचा धंदा बसला त्या वर्षापासून, मांडला होता. आम्ही २०१९-२० हें वर्ष आरंभीं धरून तो पुन्हां केला, तों वाढीचा दर निम्म्याहूनही खालीं आला. पत्रकांत खोटा असा एकही आंकडा नव्हता. गुरुजींनीं बराच वेळ त्या कागदाकडे पाहिलें, व रक्कम पोस्टांतच राहूं दिली.

म्हणून आमच्या वाचकांस एवढेंच सांगणें आहे कीं, वाढीचा आंकडा कोणी पुढें केला, तर तो कोणत्या सालापासून, कोणत्या नाण्यांत, व महागाई वजा करून कीं न करतां, हें आधीं विचारावें. उत्तर देण्यास जो खळखळ करील, त्याच्या पंगतीस न बसणेंच बरें.