टर्बो, बाबा आणि माजलगावचा कापूस

तुमची गाडी शून्य ते शंभर किती सेकंदांत जाते? माझी सातमध्ये. ऑफिसच्या पार्किंगमध्ये हा आकडा सांगताना जाम भारी वाटतं. पण मे महिन्यातल्या एका शुक्रवारी, दुपारी अडीच वाजता, बाहेर बेचाळीस डिग्री असताना मी गढीच्या फाट्याजवळ एसी बंद करून आणि हीटर फुल्ल सोडून घामाने निथळत बसले होते. तेव्हा त्या सात सेकंदांचा शून्य उपयोग होता.

हीटर का? कारण इंजिनची उष्णता केबिनमध्ये ओढून घेतली, की रेडिएटरचा भार थोडा हलका होतो. टेम्परेचरचा काटा लाल पट्टीच्या अलीकडे होता. तो हळूहळू खाली आला, मग मी इंजिन बंद केलं. उरलेला रस्ता ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या स्पीडने कापला.

पुण्याहून माजलगाव तीनशे किलोमीटरच्या आसपास. अहिल्यानगर, पाथर्डी, गढी आणि मग आमचं गाव. बीड जिल्ह्यातलं, सिंदफणेकाठचं, ऊस आणि कापसाचं. मी तिथली, पण आता वीकएण्डपुरती. या खेपेला मात्र नुसती सुट्टी नव्हती. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारी पुण्यात होतं आणि त्यांना मीच घेऊन जाणार होते. या गाडीतून.

गाडीची ओळख करून देते. सेकंडहँड, पेट्रोल, टर्बो, बुटकी आणि लाल. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण घोळ कंपनीचा नव्हताच. आधीच्या मालकाने हौसेने बरेच उद्योग केले होते, आणि मी ते कौतुकाने तसेच ठेवले होते. दोन वर्षांचा बोनस या गाडीत गेला. बाबांचं मत पहिल्याच दिवशी आलं होतं, ‘एवढ्या पैशात ट्रॅक्टर आला असता बग.’

बाबा साखर कारखान्यात फिटर होते. बॉयलर, वाफेचे पाइप, पंप यांच्यात जन्म गेला. संध्याकाळी अंगणात गाडी उभी केली, तेव्हा त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच काढला. ‘हिच्यात बसून पुण्याला न्यायलीस मला?’

‘बाबा, टर्बो आहे. गरम होणारच.’

‘गरम होऊ दे की. ती गरमी जाती कुकडं, ते सांग.’

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

टर्बोचं गणित असं असतं. इंजिनमधून बाहेर पडणारा जळका वायू एका छोट्या चाकाला फिरवतो. ते चाक दुसऱ्या चाकाला फिरवतं आणि दुसरं चाक इंजिनमध्ये हवा कोंबतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. फुकटात काही मिळत नाही, हे इथेही खरं. पेट्रोल टर्बोजवळचा तो वायू जोरात गाडी हाणताना ९०० डिग्रीपर्यंत तापू शकतो. चाक मिनिटाला लाखभराहून जास्त फेरे घेतं. शिवाय दाबलेली हवा स्वतःही तापते. तिला थंड करायला इंटरकूलर, त्याच्याजवळ एसीचा कंडेन्सर, मागे रेडिएटर. स्पोर्ट्स गाडीचं नाक आधीच बुटकं, त्यात ही सगळी दाटी. आत जाणारी हवा गरम असली, की इंजिनचा कॉम्प्युटर घाबरून ताकद कमी करतो. म्हणजे मे महिन्यात आपण पैसे टर्बोचे भरतो आणि चालवतो साधी गाडी!

शनिवारी पहाटे इंजिन पूर्ण गार असताना बाबा कामाला लागले. त्यांना धड दिसत नव्हतं, म्हणून हाताने चाचपत होते. घरातून कापूस आणला, वळून त्याचा लांब धागा केला आणि काडीच्या टोकाला बांधला. मला म्हणाले, ‘गाडी चालू कर. पंखा फिरला की काडी रेडिएटरच्या पुढं धर. पंख्यापासून हात लांब. मला दिसत नाही, तू सांग धागा कुकडं चाललाय.’

रेडिएटरसमोर धागा आत ओढला गेला. बरोबर. काडी कडेच्या फटीजवळ नेली, तर धागा उलटा, माझ्याकडे! म्हणजे इंजिनकडची तापलेली हवा फटीतून पुढे येत होती आणि पंखा तीच पुन्हा आत ओढत होता. रेडिएटरच्या कडेच्या फोमच्या पट्ट्या कधीच्याच गळून गेल्या होत्या.

मग बाबा मला धरणाकडे घेऊन गेले. माजलगावचं धरण सिंदफणेवर आहे. जायकवाडी प्रकल्पाचा हा दुसरा टप्पा, १९८७ साली पूर्ण झाला. पैठणहून निघालेला उजवा कालवा इथे पाणी आणून सोडतो आणि पुढे माजलगावचा स्वतःचा उजवा कालवा सुरू होतो. मे महिना, पाणी बरंच आटलेलं. काठावर चिखलाच्या भेगा, दूर दोन-चार बगळे. सकाळी सातलाच ऊन चटके देत होतं.

‘कालवा का वाहतो?’ बाबांनी विचारलं. ‘अलीकडं पाणी उंच, पलीकडं खाली, म्हणून. भिंतीला भोकं पडली तर? पाणी भलतीकडंच जाईल. तुझा रेडिएटर तसाच. पुढं हवेचा दाब जास्त पायजे, मागं कमी. तवाच हवा त्याच्यातून जाईल.’

मी बी.ई. मेकॅनिकल. फ्लुइड मेकॅनिक्सला डिस्टिंक्शन. आणि हे मला एका वाक्यात असं कुणी सांगितलं नव्हतं.

परतताना दुसरा प्रयोग. बॉनेटची मागची कड आधीच्या मालकाने बिजागरीखाली वॉशर घालून उचलली होती. दिसायला एकदम रेसिंग, आणि ‘गरम हवा बाहेर जाते’ ही त्याची थिअरी. त्या फटीच्या तोंडाशी आम्ही कापसाचे धागे टेपने चिकटवले. मोकळ्या रस्त्यावर साठच्या स्पीडला धागे काचेकडे उडायला हवे होते. ते फटीतून आत खेचले गेले. समोरच्या काचेच्या पायथ्याशी वारा अडतो आणि तिथे दाब वाढतो. म्हणजे फटीतून हवा निघत नव्हती, शिरत होती. रेडिएटरमागे जिथे दाब कमी हवा, तिथेच आम्ही तो वाढवत होतो. गाडी उभी असताना ती फट थोडी वाफ सोडत असेल, पण हायवेवर ती माझ्या विरोधात काम करत होती. गढीच्या फाट्यावरचं कोडं सुटलं.

‘हवा आत घ्यायची घाई सगळ्यांनाच,’ बाबा म्हणाले. ‘तिनं बाहेर कुकडून जायचं, ते कोण बगणार?’

उरलेला दिवस दुरुस्तीचा. वॉशर काढले. ट्रॅक्टरच्या स्पेअरपार्टच्या दुकानातून रबराची जाड पट्टी आणून कडेच्या फटी बुजवल्या. रेडिएटर इंजिनच्या बाजूने पुढे असा, कमी दाबाच्या पाण्याने धुतला. नुसता समोरून धुतला तर कचरा आणखी आत बसतो. केवढे किडे, माती आणि पिसं निघाली म्हणून सांगू! टर्बो आणि हवेचा पाइप यांच्यामध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा उभा केला, दोन्हींना न चिकटवता. चुलीपुढे ताट उभं धरलं की पलीकडे झळ लागत नाही, तेच तत्त्व. गरम पाइपला गुंडाळायची पट्टी मी मागवून ठेवली होती. बाबांनी ती बाजूला सारली. ‘कारखान्यात आम्ही पाइपाला लॅगिंग करायचो. पण त्याच्यावर तेल सांडलं, की आग ठरलेली. तुझं इंजिन तेल गाळतंय. आधी ते बग.’

रात्री ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. बाबा नेहमीपेक्षा गप्प होते. मग हळूच म्हणाले, ‘डोळ्याचं सांगून ठेवतो. भीती वाटायली.’ ते असं काही बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. सकाळपासून ते गाडीच्या मागे का लागले होते, ते तेव्हा कळलं. निदान एक गोष्ट त्यांना स्वतःच्या हाताने नीट करायची होती.

रविवारी पहाटे चारला निघालो. पाथर्डीपर्यंत उजाडलं, शिरूरला ऊन तापलं, एसी चालू होता. दर दहा मिनिटांनी बाबा विचारत होते, ‘काटा?’ मी सांगत होते, ‘मधोमध.’ हडपसरच्या ट्रॅफिकमध्येही तो हलला नाही. बिल्डिंगखाली पोहोचल्यावर मी लगेच किल्ली फिरवणार, तेवढ्यात त्यांनी हात धरला. ‘मिनिटभर चालू राहू दे. पळून आलीय, तिला दम खाऊ दे.’

ऑपरेशन छान झालं. आठवड्याने आम्ही परत माजलगावला निघालो. अहिल्यानगर सोडल्यावर माझ्या लक्षात आलं, की बाबा काट्याबद्दल विचारतच नाहीयेत. मी बघितलं, तर ते थोडे वाकून माझ्या डॅशबोर्डकडे पाहत होते.

‘मधोमध,’ ते म्हणाले.

टर्बोवाल्यांनो, उन्हाळ्यात निघताय?

- कूलंट कंपनीने सांगितलेलंच भरा, नुसतं पाणी नको. गरम इंजिनवर रेडिएटरची टोपी कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर डिग्रीच्या वर असतं, कुकरसारखं.
- गाडीखालचं प्लॅस्टिकचं कव्हर आणि रेडिएटरच्या कडेच्या पट्ट्या जागेवर आहेत ना, बघा.
- काटा चढला तर एसी बंद, हीटर फुल्ल, गाडी बाजूला. लाल पट्टीत गेला तर थेट इंजिन बंद.
- माजलगावला गेलात तर पहाटे धरण बघा. तालुक्यात मंजरथला सिंदफणा-गोदावरीचा संगम आहे आणि पुरुषोत्तमपुरीला गोदाकाठी पुरुषोत्तमाचं देऊळ. अधिक महिन्यात तिथे प्रचंड गर्दी असते.